शिडीवाला

मुरूडच्या वाळूत, सुरूंच्या आडोशाला तंबू लागला
तेव्हा माझा बाप दहा वर्षांचा होता
आणि त्याच्याकडे एक बादली होती.
खेळाआधी पडदा भिजवायचा.
गोडं पाणी प्यायलाच पुरेना, म्हणून समुद्राचं.
ओल्या कापडातून चित्र आरपार जातं
आणि आमची माणसं बसायची पडद्यामागं.
तिकीट निम्मं, जागा ओली.

त्यामुळे बापानं आयुष्यभर जो सिनेमा सांगितला
तो उलटा होता.
त्याचे साहेब डाव्या हातानं जेवायचे,
डाव्या पायानं लाथ घालायचे.
मधल्या पाट्यांवरची अक्षरं उलटी,
पण सुलटी तरी कुणाला येत होती?
पुढं विसू भायदे काठी घेऊन गोष्ट सांगायचा,
पेटीवर सॅमसन नांदगावकर, शुक्रवारची रात्र सोडून.
(शुक्रवारी लोक नुसतेच पडायचे, आवाजाशिवाय.)
मागं यातलं अर्धं वाऱ्यावर जायचं.
तरी हवालदार हौदात पडला
की पहिलं हसू मागून फुटायचं.

एकदा एक गडी झगा घालून बाई झाला
आणि केळ्याच्या सालीवरून सपशेल उताणा.
बायकांच्या कनातीतून नागूबाय ओरडली,
"बाय काय अशी परते?
बाय परली तं आधी पाटी धरंल!"
चित्राला हसला नव्हता एवढा तंबू हसला.
दुसऱ्या रात्रीपासून विसूनं ते वाक्य
आपलं म्हणून वापरलं.

मग तो खेळ आला, ज्यात एक नोकर होता.
काळाकुळकुळीत, ओठ चुन्यासारखे पांढरे,
वाळत घातलेल्या चादरीला भूत समजून
डोळे गरागरा फिरवणारा.
विसू म्हणाला, "आणि हा पाहा हबशी..."
आणि थांबला.
पुढच्या खुर्चीत बसले होते
राजपुरीचे बिलाल जमादार, सिद्दी,
ज्यांचे पणजोबा जंजिऱ्याच्या तोफेवर होते.
बापानं पडद्याच्या कडेनं डोकावलं:
शंभर तोंडं एकाच दिशेला वळलेली,
वाऱ्यानं नांगरावरच्या होड्या वळतात तशी.
पेटी थांबलेली. हॅंडलची खरखर तेवढी.
"सांग की," जमादार म्हणाले. "पुढं सांग."

पुढं नोकर हौदात पडला,
वर आला तेव्हा कपाळावरून काळं ओघळत होतं
आणि खाली गोरा,
सोललेल्या ताडगोळ्यासारखा.
"काजळ! मेल्यानं काजळ फासलंय!"
जमादार मांडीवर थाप मारून हसले.
मग बाकीच्यांना हसायची परवानगी मिळाली.

बाप इथंच गोष्ट संपवायचा, नेहमी.
गेला त्या वर्षी मात्र पुढं बोलला.

जमादार सात रात्री आले, रोज दोन आणे देऊन.
काजळवाल्यासाठी नाही.
हौदाच्या मागं, भिंतीशी,
एक माणूस शिडी धरून उभा असायचा.
खराखुरा. फासलेला नाही.
पडत नाही, धावत नाही, डोळे फिरवत नाही.
वरचा पडू नये म्हणून शिडी धरतो, एवढंच,
आणि एकदा पाय बदलतो.
तो दिसून गेला की जमादार उठायचे,
खाडीच्या वाटेला लागायचे.

"तुला कसं कळलं, त्याच्यासाठी येतात?"
"मीपण त्यालाच बघायचो," बाप म्हणाला,
"फक्त माझ्याकडून तो डावीकडे होता."

परवा नातीनं तो खेळ फोनवर शोधून दिला.
अकरा मिनिटं.
काजळवाल्याचं नाव आहे, हवालदाराचं आहे,
कुत्र्याचंसुद्धा आहे.
शिडीपाशी तीनदा थांबवून पाहिलं.
मग न्हाणीतल्या आरशासमोर फोन धरला,
आरशावर थोडं पाणी मारलं
आणि उभा राहिलो,
तो पाय बदलेपर्यंत.